बेसला जुन्या गाण्यांचा गोल आवाज हवाय: फ्लॅट तारा चढवू की राउंडच ठेवू?

चिपळूणचा_बेसवाला

नमस्कार मंडळी.

मी चिपळूणचा. दिवसा हार्डवेअरचं दुकान, संध्याकाळी आमच्या वाद्यवृंदात बेस गिटार. गणपती, हळदी, साखरपुडे, मधेच एखाद्या पतपेढीचा वर्धापनदिन, असे आमचे कार्यक्रम. गाणी बहुतेक साठ ते ऐंशीच्या दशकांतली हिंदी, थोडी कोळीगीतं, थोडी भावगीतं. आधीचा बेस २०२१ च्या जुलैमधल्या पुरात दुकानातल्या मालाबरोबर गेला. त्यानंतर यामाहाचा टीआरबीएक्स १७४ घेतला. चार तारी, पॅसिव्ह (आत बॅटरीचं सर्किट नाही). वाजवायला हाताला छान बसतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

अडचण आवाजाची आहे. नव्या तारा चढवल्या की पहिले काही कार्यक्रम नुसता खणखणाट. बोट सरकवलं की चर्रर्र आवाज मॉनिटरमधून येतो आणि गायिका वळून बघते. मग माझा घाम आणि आमची दमट हवा दोघं मिळून त्या तारांचा निकाल लावतात. बाराव्या फ्रेटला (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) सूर जुळत नाही, ई ची म्हणजे सर्वांत जाड तार नुसती धप्प करते. नवेपणा संपलाय पण तार अजून मेलेली नाही, असे मधले थोडे दिवस असतात, तेव्हाच आवाज मला हवा तसा मिळतो. पावसाळ्यात ते दिवस कधी येतात नि कधी जातात कळत नाही.

मला हवाय तो पंचमदांच्या गाण्यांत ऐकू येतो तसा बेस. गोल, जाड, गाण्याच्या खाली नीट बसलेला. आमचा कीबोर्डवाला म्हणतो प्रीअँप पेडल (आवाजाला वळण देणारी पायाशी ठेवायची डबी) घे. लीड गिटारवाला म्हणतो पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक) बदल. मुंबईचा एक मित्र म्हणतो फ्लॅटवाउंड (वर चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारा चढव आणि विसरून जा. इथे बेसच्या तारा दुकानात मिळत नाहीत, मागवाव्याच लागतात, आणि फ्लॅटचा सेट राउंडच्या जवळपास दुप्पट पडतो. त्यामुळे घेऊन बघू, नाही आवडलं तर काढू, असं करणं परवडणारं नाही.

फ्लॅटने खरंच तो आवाज येतो का? कुठला गेज (तारांची जाडी) घ्यावा? जास्त ताणामुळे नेक (दांडी) वाकेल का? आणि आमच्या हवेत त्या टिकतील का? सध्या निकेलच्या राउंड (गोल तार गुंडाळलेल्या) आहेत, ४५-१००, म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात.

जुना_खर्ज

चिपळूणकर, पेडल नको. पिकअप तर नकोच नको.

मी दादर-ठाण्याच्या ऑर्केस्ट्रांमध्ये आयुष्य काढलं. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, आणि त्याहून जास्त मैदानं. आता डोंबिवलीत गिटारी दुरुस्त करतो. बेस घेऊन येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला हाच आवाज हवा असतो आणि तो दर वेळी चुकीच्या दुकानात पैसे टाकून आलेला असतो.

तारा मागवण्याआधी आज रात्रीच एक करून बघा. नवा स्पंज घ्या, त्याची बोटभर रुंदीची पट्टी कापा आणि ब्रिजच्या (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्याच्या) अगदी पुढ्यात तारांखाली सरकवा. तारांना खालून जेमतेम टेकली पाहिजे, वर ढकलता कामा नये. मागचा पिकअप बंद, पुढचा पूर्ण, टोनचा नॉब अर्ध्यावर. आणि हात ब्रिजकडून उचलून पुढच्या पिकअपच्याही थोडा पुढे, नेकच्या बाजूला न्या. आता आहेत त्याच तारांवर एखादा अंतरा वाजवा.

काय झालं ते लक्षात येईल. जुन्या रेकॉर्डिंगमधला बेस आपण समजतो तसा जाड नसतो, आखूड असतो. सूर ठोक्यासरशी येतो आणि पुढचा यायच्या आत मावळतो. मधल्या रिकाम्या जागेत तबला, बाँगो, ताल धरणारी गिटार सगळं स्वच्छ ऐकू येतं, आणि त्या स्वच्छतेमुळे बेस आपल्याला गोल वाटतो. ॲम्पवर खालचा आवाज वाढवून हे होत नाही. खालचा वाढवला की सूर आणखी लांबतो आणि सगळा चिखल होतो. तारा निवडताना हे डोक्यात असलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन होते. १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस, ला बेलाच्या जाडजूड फ्लॅट तारा, ५२ ते ११०. तुटल्याशिवाय तार बदलत नसत. उजव्या हाताची फक्त तर्जनी, आणि ब्रिजवरच्या लोखंडी झाकणाखाली फोम. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये कॅरोल के वाजवत होत्या. त्या प्लेक्ट्रमने (हातात धरायच्या छोट्या पत्रीने) वाजवायच्या, म्हणजे हात अगदी उलटा. पण तारा फ्लॅट, आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा. एकीकडे एक बोट, दुसरीकडे प्लेक्ट्रम, तरी दोघांचाही सूर आखूड. आपल्याकडे पंचमदांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्यांचं वाजवणं पुन्हा ऐका, पण या वेळी सूर कुठे सुरू होतो ते सोडा, कुठे थांबतो तेवढंच ऐका.

आता तारेकडे येऊ. दोन्हींत मधे पोलादी गाभा असतोच, फरक वरच्या वेढ्यांत. राउंडमध्ये गोल तार गुंडाळलेली, म्हणून तिला कडा असतात, बोटाला खरखर लागते. फ्लॅटमध्ये सगळ्यात वरचा थर चपट्या पट्टीचा. बोट घसरून जातं, चर्रर्र बंद, फ्रेटही कमी झिजतात. नवी राउंड तार म्हणजे जवारी पूर्ण उघडलेला तानपुरा, वरचे सगळे स्वर सांडत असतात. फ्लॅटमध्ये ते वरचे स्वर मुळातच कमी आणि सूर लवकर विरतो. म्हणजे स्पंजचं अर्धं काम तारच करते.

सुरुवातीला बेसवर फ्लॅटच असायच्या. राउंडची टूम इंग्लंडमधली. द हू या बँडचा जॉन एंटविसल पियानोसारखा खणखणीत आवाज मागत होता. त्याला डॅनइलेक्ट्रो बेसवरच्या तारा आवडायच्या, पण त्या सुट्या मिळत नव्हत्या, तर तार तुटली की तो अख्खा नवा बेस आणायचा. (चिपळुणात तारा मिळत नाहीत म्हणता ना? त्याला लंडनमध्ये मिळत नव्हत्या.) शेवटी १९६६ मध्ये रोटोसाउंडच्या जेम्स हाउ यांच्याबरोबर बसून त्याने हव्या तशा राउंड तारा करून घेतल्या. आज दुकानातून नवा बेस घेतला की त्यावर बहुतेक वेळा त्याच घराण्यातली तार असते. म्हणजे तुमच्या बेसवर एंटविसलचा आवाज चढवलेला आहे आणि तुम्ही त्यात पंचमदा शोधताय.

पण फ्लॅट म्हणजे मऊ, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. आयर्न मेडन या मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटच वापरतो, ५० ते ११०, आणि त्याचा बेस घोडा दौडल्यासारखा वाजतो. तो हात जोरात मारतो, तार फ्रेटवर आपटते, वरचा आवाज तिथून येतो. म्हणून फ्लॅट चढवल्यावरही हात आवरायला लागतो.

गेज. तारेचा ताण लांबी, सूर आणि वजन यांवर ठरतो. लांबी तुमची ३४ इंच, सूर ठरलेले, उरलं वजन. राउंडच्या वेढ्यांमध्ये फटी असतात, पट्टीत त्या जवळजवळ नसतात. त्यामुळे त्याच जाडीच्या फ्लॅटमध्ये धातू जास्त आणि ताणही बहुधा जास्त. जेमर्सनचं नाव ऐकून ५२-११० मागवाल तर डावा हात शिव्या देईल, आणि रात्रभराच्या कार्यक्रमात त्या शिव्या स्वच्छ ऐकू येतात. तुमच्यासाठी ४५-१००, फार तर ४५-१०५. डॅडारिओच्या क्रोम्स ४५-१०० मध्ये मिळतात, फ्लॅटमध्ये त्या जरा उजळ. राउंडवरून येणाऱ्याला झटका कमी बसतो. व्हिएन्नाच्या थोमास्टिकच्या जॅझ फ्लॅट ४३-५६-७०-१०० अशा असतात, ताण खूपच कमी, हाताखाली लवचीक. मला वैयक्तिक त्याच आवडतात. पण महाग आहेत, आणि जोरात वाजवणाऱ्याला त्या पायाखालून जमीन सरकल्यासारख्या वाटतात. पहिला फ्लॅट सेट म्हणून मी त्या कोणाला सुचवत नाही.

नेक मोडणार नाही. वाकेल थोडा, ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) त्यासाठीच असतो. तारा हातात आल्या की सांगतो.

हवेचं म्हणाल तर फ्लॅटची पट्टी बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची असते आणि घाम-मळ साचायला तिला फटी नसतात. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. खालून कोणी पुसत नाही, आणि गंज तिथेच धरतो. एवढं केलंत तर राउंडच्या कित्येक पट टिकतात. दुप्पट किमतीचं गणित तिथेच फिटतं.

नाशिकचा_स्लॅपर

खर्जकाका, स्पंजचं शंभर टक्के मान्य. पण फ्लॅट सुचवण्याआधी साउंडचा विचार करा की राव. तुम्ही गडकरीत वाजवलंत, हे दादा हळदीला वाजवतात.

हळदीला काय असतं? दोन टॉप (साधे स्पीकर), नशीब असेल तर एखादा सब (खर्जाचा स्पीकर), आणि त्या सबवर ऑक्टोपॅडची किक बसलेली. उघड्या ई चा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास. साधा टॉप तिथे पोचतच नाही. मोबाइलवर तर प्रश्नच नाही. तरी आपल्याला ई ऐकू येतो तो ८२, १२३ अशा वरच्या स्वरांवरून, मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. वरचंच कमी केलंत तर अंगणात बसलेल्या माणसाला बेस ऐकू येणारच नाही, नुसती हवा हलल्यासारखं वाटेल. आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये एकाने फ्लॅट चढवल्या होत्या. घरी झकास. स्टेजवर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताखाली पार गायब.

माझं मत: शुद्ध निकेलच्या राउंड घ्या. निकेलचा मुलामा दिलेल्या नव्हे, वेढे अख्खे निकेलचे असतात त्या. चमक मुळातच कमी असते आणि सूर कळतो. नाहीतर हाफ-राउंड म्हणून एक प्रकार असतो, राउंडच्या वेढ्यांची वरची बाजू घासून गुळगुळीत केलेली. चर्रर्र कमी होतं, पण आवाज राउंडच्याच घरचा राहतो. स्टेनलेसच्या राउंड मात्र तुम्ही अजिबात घेऊ नका दादा, त्या आमच्यासारख्या अंगठा आपटणाऱ्यांसाठी. सगळ्यात जास्त खणखण त्यांचीच.

टिकण्याचं म्हणाल तर कोटेड राउंडही मिळतात. वर पातळ थर असतो, घाम आत जात नाही. महाग आहेत पण फ्लॅटइतक्याच.

जुना_खर्ज

स्लॅपर, टॉपचं तुझं म्हणणं बरोबर आहे, हिशोब मात्र अर्धा मांडलास.

८२, १२३, १६५ हे स्वर फ्लॅटमध्ये भरपूर असतात. फ्लॅट खाते ती हजार-दोन हजार हर्ट्झच्या वरची मंडळी, म्हणजे बोटाची खरखर, टणत्कार. ई ओळखायला त्यांची गरज नाही. सूर सुटल्याचा क्षण कळायला असते, तेवढं खरं. तुमच्या बँडमधला तो मुलगा गायब झाला कारण घरी एकट्याने वाजवताना ॲम्पवर खालचा आवाज चढवून ठेवलेला असणार आणि तसाच स्टेजवर नेलेला असणार. जवळजवळ सगळे हेच करतात. फ्लॅट घेऊन स्टेजवर गेलं की उलटं करायचं: साउंडवाल्याला ४० च्या खालचं कापायला सांगायचं, आणि सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास थोडं वर. थोडंच, जास्त झालं की नाकात बोलल्यासारखं होतं. त्या उंचवट्याने बेस हळदीच्या मांडवातसुद्धा ऐकू येतो.

कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला तार कुठली हा प्रश्नच लागू नाही. बेसवाला हजर असताना तो हात खिशात असला पाहिजे. दोघं एकाच सप्तकात थोडे मागेपुढे वाजवायला लागले की कुठल्याही तारेचा चिखल होतो.

कोटेडबद्दल: टिकतात हे खरं. पण त्या टिकवतात काय, तर नवेपणा. चिपळूणकरांना नवेपणाच नकोय.

शुद्ध निकेलची सूचना चांगली आहे. चिपळूणकर, तुमच्या ऑर्केस्ट्रात नवीन गाणी निम्म्याहून जास्त असती तर मीही तेच म्हटलं असतं.

मिशिगनकर

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा सांगलीचा, सध्या डेट्रॉइटजवळ. इथल्या मंडळाच्या गणपतीत बेस वाजवतो, प्रेक्षक शंभर आणि त्यातले निम्मे कलाकार.

जेमर्सनचा विषय निघाला म्हणून. मोटाउनचं जुनं घर वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर आहे, आता संग्रहालय आहे. तो प्रसिद्ध स्टुडिओ ए बघायला गेलं तर पहिली गोष्ट जाणवते ती खोलीचा आकार. एवढ्याशा जागेत दाटीवाटीने वाजवलेलं आहे सगळं. तिथे बेसची केबल सरळ मिक्सरमध्ये जायची, समोर ॲम्प ठेवून माइक लावायचा प्रकार नव्हता. म्हणजे आपण ऐकतो तो आवाज तार, फोम, बोट आणि पिकअप यांचाच. खर्जकाकांच्या म्हणण्याला माझी पुस्ती एवढीच की दादा, तुम्हीही डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) सरळ मिक्सरला जा. ॲम्प फक्त स्वतःला ऐकायला ठेवा.

तारांमध्ये एक प्रकार कोणी सांगितला नाही, टेपवाउंड. धातूच्या वेढ्यांवर काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेली असते. आत धातू असल्यामुळे साध्या पिकअपवर चालतात. आवाज उभ्या बेसच्या दिशेने जातो, बोटांना अगदी मऊ. माझ्या फ्रेटलेसवर (फ्रेट नसलेल्या बेसवर) त्याच आहेत. आणि नायलॉनला घामाने काही होत नाही, म्हणजे कोकणासाठी बऱ्याच. मात्र जाडी फसवी असते: ई च्या तारेवर ११५ वगैरे आकडा दिसतो, पण नायलॉन हलकं असल्याने ताण तितका नसतो. अडचण नटची (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी). तुमच्या नटच्या खाचा १०० च्या तारेसाठी कापलेल्या, तिथे ११५ बसणार नाही, वरच अडकून राहील. कानशीने खाच वाढवावी लागते आणि एकदा वाढवली की परत बारीक तार लावता येत नाही.

हवेचं आमच्याकडे उलट दुखणं आहे. हिवाळ्यात घर तापवायची भट्टी चालू, हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसून फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात आणि हाताला टोचतात. ऋतू बदलला की सेटअप बदलतो, तारा कुठल्याही असोत.

चिपळूणचा_बेसवाला

सगळ्यांचे मनापासून आभार.

स्पंज लावला. काका, काय सांगू! दुकान बंद करून वरच्या माळ्यावर बसलो आणि जुनी गाणी एकामागून एक काढली. चर्रर्र अजून आहे, पण सूर मिटतोय. आमच्या ढोलकीवाल्याला फोनवरून ऐकवलं, तर म्हणाला बेस नवीन घेतलास का. डीआय बॉक्स आमच्या साउंडवाल्याकडे आहे, आजवर कधी कोणी मागितलाच नव्हता.

तर फ्लॅट मागवायचं ठरवलं, ४५-१००. टेपवाउंडचा मोह झाला होता, पण नटला कानस लावायची हिंमत नाही. स्लॅपर, मित्रा, हाफ-राउंड पुढच्या खेपेला.

आता दोन शंका. एकाने सांगितलं की फ्लॅटची तार कापली की ती मरते, कापायचीच नाही. मग उरलेली तार खुंटीला किती गुंडाळायची? आणि ट्रस रॉडला मी आजवर हात लावलेला नाही. इथे लावून देणारं कोणी नाही, रत्नागिरीला किंवा मुंबईला जावं लागेल. स्वतः केलं तर चालेल का?

जुना_खर्ज

कापली की मरते हे अर्धसत्य आहे. आधी कापली आणि मग वाकवली तर टोकाकडून वेढा सैल होऊ शकतो, आणि मग ती तार कायम मिणमिणती वाजते. म्हणून क्रम उलटा. तार ब्रिजमधून ओढून खुंटीपर्यंत ताठ धरा. खुंटीच्या पुढे साधारण अर्धी वीत एवढी ठेवा. त्या जागी पकडीने काटकोनात वाकवा, चांगला घट्ट कोन होऊ द्या. मग कोनाच्या पुढे अर्धा इंच सोडून कापा. खुंटीच्या डोक्यावर खाच आणि मधोमध भोक असतं, तुटकं टोक त्या भोकात खाली घाला, कोन खाचेत बसवा आणि फिरवा. वेढे वरून खाली उतरत गेले पाहिजेत, दोन किंवा तीन. त्याने तार नटवरून नीट खाली दाबली जाते. फिरवताना तार स्वतःभोवती पिळली जातेय का बघा. पीळ पडलेली फ्लॅट सूर धरत नाही, आणि लोक दोष कंपनीला देतात.

तार मागवताना पाकिटावर लाँग स्केल लिहिलंय ना बघा. खुंटीकडच्या टोकाला रेशमाचा रंगीत दोरा गुंडाळलेला असतो, तो भाग नटच्या पलीकडे गेला पाहिजे. आखूड स्केलचा सेट आला तर तो दोरा फ्रेटांवर येईल.

एकेक तार बदला. चारही एकदम काढल्या की नेकवरचा ताण एकदम जातो. त्याने मोडत काही नाही, पण मग स्थिरावायला वेळ लागतो. चारही चढल्या की सुरात आणा आणि बेस रात्रभर तसाच ठेवा. लगेच रॉडला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरात आणा. ई ची तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा आणि अगदी शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताच्या कोपराने किंवा घरच्या कोणाच्या तरी बोटाने. आता सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली फट किती आहे बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड अडखळत सरकलं तर हात लावायची गरजच नाही. कार्ड सैल पडत असेल तर रॉड घट्ट करायचा, तार फ्रेटला चिकटलेली असेल तर सैल. बरोबर मापाची ॲलन की घ्या. हार्डवेअरच्या दुकानदाराला मी हे काय सांगणार. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग पुन्हा सूर लावा आणि पुन्हा कार्ड. रॉड जड लागला, करकरला, तर तिथेच थांबा आणि बेस घेऊन मुंबईची गाडी पकडा. जोर करून रॉड तुटला की नेक गेला. बाकी यात घाबरण्यासारखं काही नाही.

सगळ्यात शेवटी ब्रिजवर बारावा फ्रेट जुळवा: हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर एकच आला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा सरकता ठोकळा) मागे, उतरता असेल तर पुढे. हे करताना स्पंज काढून ठेवा, नाहीतर ट्यूनरची सुई नाचत राहते.

पहिल्याच दिवशी निकाल लावू नका. नवी फ्लॅटही थोडी उजळ वाजते, हाताखाली आली की बसते. आणि फ्लॅट बसल्यावर स्पंजची गरज राहील की नाही ते गाण्यावर ठरवा. कोळीगीताला बहुतेक काढावा लागेल, तिथे सूर थोडा चालत राहायला हवा.

उतरवलेल्या राउंड फेकू नका. गुंडाळून, सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात ठेवा. कार्यक्रमात तार तुटलीच तर तीच धावून येईल. फ्लॅटचा सुटा ई रात्री दहा वाजता कोणी आणून देत नाही.

नाशिकचा_स्लॅपर

काका, ७००-८०० वालं आमच्या पोराला सांगितलं. त्याच्या फ्लॅट अजून बेसवर आहेत. परवा प्रॅक्टिसला ऐकू आला. मी तरी राउंडच वाजवणार, पण ऐकू आला हे मान्य.

चिपळूणचा_बेसवाला

सेट मागवला. ॲलन की दुकानातून काढून ठेवली, सगळ्या मापांच्या. कीबोर्डवाल्याला डाव्या हाताचा निरोप दिला, तर तो म्हणतो डोंबिवलीच्या काकांकडून लेखी आण.